वाचकांचे प्रश्न : दक्षिणी बीच आणि त्याचे बुरशीतले सोयरे

न्यूझीलंड, टास्मानिया आणि पॅटागोनिया इथल्या बीचच्या जंगलांबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख झाडापेक्षा झाडावर आणि झाडाखाली दिसणाऱ्या बुरशीवर होता. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दक्षिणी बीच आणि युरोपातला बीच एकाच कुळातले का? ‘नोथोफॅगस’ म्हणजे काय?

मराठीत ‘बीच’ म्हटले की आधी वाळू आणि लाटा आठवतात, म्हणून सांगून ठेवू : या पानांवर बीच म्हणजे झाड. युरोपातला बीच ‘फॅगस’ प्रजातीतला. दक्षिणी बीच दिसायला त्याच्या जवळचा असला तरी कूळ वेगळे, नोथोफॅगेसी. त्याच्या प्रजातीला ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास ‘नोथोफॅगस’ हे नाव दिले. ग्रीक ‘नोथोस’ म्हणजे खोटा, अनौरस. ‘नोटोस’ म्हणजे दक्षिण. त्याला ‘नोटो’च म्हणायचे होते, पण चुकून ‘नोथो’ झाले, असा एक गमतीदार तर्क आहे. तो तर्कच समजावा.

ही झाडे चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग व टास्मानिया, न्यू गिनी आणि न्यू कॅलेडोनिया इथे आहेत. अंटार्क्टिकात त्यांचे परागकण आणि पाने जीवाश्मरूपात सापडतात. आफ्रिकेत आणि भारतीय उपखंडात ती नाहीत.

न्यूझीलंडमध्ये हिंडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. २०१३ मध्ये या प्रजातीची चार प्रजातींत विभागणी सुचवली गेली, आणि तिथल्या अनेक पाट्यांवर आता ‘फुस्कोस्पोरा’ व ‘लोफोझोनिया’ ही नावे दिसतात. तांबडा, काळा, डोंगरी आणि कठीण बीच हे फुस्कोस्पोरा. चंदेरी बीच एकटा लोफोझोनिया. ही फोड नुसती कागदावरची नाही. बुरशीलाही हा फरक कळतो, ते पुढे येईलच.

ओळखायला पाने पाहावीत. चंदेरी बीचचे पान नखाएवढे, गोलसर, कडेला दुहेरी दाते. तांबड्याचे दोन ते चार सेंटिमीटर, ठळक दातेरी, आणि खालच्या बाजूला शिरांच्या बेचक्यात केसाळ खळगे. डोंगरी बीचच्या पानाला दातेच नसतात. टोक अणकुचीदार आणि कडा खाली वळलेल्या. काळ्याचेही तसेच, पण टोक बोथट.

प्रश्न : न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये जुन्या मेंढ्यांच्या कुरणावर तांबड्या बीचची साठ रोपे लावली. दीड वर्ष झाले, मेली नाहीत पण वाढतही नाहीत. पाने फिकट पिवळी, काहींवर जांभळट झाक. मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडी जमवणाऱ्या बुरशीची, तयार पावडर टाकली, दोनदा खत दिले. काय चुकले?

बहुधा पावडर आणि खत, दोन्ही.

बीचचे मूळ एकटे काम करत नाही. त्याच्या बारीक मुळांच्या टोकांवर बुरशी टोपडे घालावे तशी बसते आणि तिचे तंतू मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या मधल्या फटींत शिरून जाळे विणतात. या जाळ्याला जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांच्या नावावरून हार्टिगचे जाळे म्हणतात. तंतू पेशींच्या आत जात नाहीत, म्हणून ही बाह्य मायकोरायझा. बाहेरच्या बाजूला हेच तंतू मातीत दूरवर पसरून नत्र आणि स्फुरद आणतात. झाड त्यांना साखर देते. बीचच्या टोकांना मूळरोम जवळपास नसतात, शोषणाचे काम बुरशीकडे असते. जोडीदार नसेल तर रोप जगते, पण उपाशी. फिकट पाने आणि जांभळट झाक ही त्या उपासमारीची खूण.

आता पावडर. बाजारातल्या बहुतेक मायकोरायझा पावडरींत ग्लोमस गटातल्या बुरशीचे बीजाणू असतात. ही बुरशी पेशींच्या आत शिरते. गवत, भाज्या, फळझाडे आणि न्यूझीलंडचे बहुतेक देशी वृक्ष तिच्याशी जमवून घेतात. बीच घेत नाही. पाकिटावर ‘बाह्य मायकोरायझा’ लिहिलेले असले तरी आत पाहा : रायझोपोगॉन असेल तर ती पाइनची, पायसोलिथस असेल तर बहुधा निलगिरी किंवा पाइनसाठी निवडलेली. वाईट भाग असा की पावडर टाकल्याने तुमच्या कुरणातल्या गवताचेच भले झाले असेल.

खताचे गणित उलटे आहे. मेंढ्यांच्या कुरणात वर्षानुवर्षे सुपरफॉस्फेट पडलेले असते. मातीत स्फुरद आणि नत्र भरपूर मिळाले की झाड साखर देण्यात हात आखडता घेते आणि उरलीसुरली बुरशीही मुळावर बसत नाही. त्याच खताने गवत मात्र फोफावते आणि पाणी पळवते.

खात्री करायची असेल तर एक रोप वाचवायचा मोह सोडून त्याची मुळे पाहा. खोडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, वरच्या ५ ते १० सेंटिमीटर मातीत बोटांनी चाचपून एक बारीक मूळ तोडून घ्या. फावड्याने उकरू नका, टोके तुटतात. चहाच्या गाळणीत ठेवून हलक्या धारेखाली माती सोडवा, मग पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात पसरा आणि १० किंवा २० पट भिंगातून पाहा. बुरशी बसलेली टोके आखूड, फुगीर, बोथट आणि अनेकदा फाटे फुटलेली असतात. रंग पांढरा, पिवळा, तांबूस, जांभळा, काहीही. काळीकुळकुळीत टोके आणि त्यातून सरळ तारेसारखे काळे केस निघालेले दिसले तर ती सेनोकॉकम. रिकामे टोक मात्र लांब, बारीक, तपकिरी आणि गुळगुळीत. दहा-पंधरा टोके तपासून एकही फुगीर नाही, तर निदान पक्के. लगेच वेळ नसेल तर मुळे ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. वाळली की काही कळत नाही.

उपाय : जिवंत बीचखालची माती. त्याच जातीच्या धडधाकट झाडाखालून, पाला बाजूला करून, वरचा ५ सेंटिमीटर थर घ्या. त्यात बारीक मुळे असलीच पाहिजेत, कारण खरे बीज तुटक्या मुळांवरची बुरशी आहे. प्रत्येक रोपाला दोन मुठी पुरतात. रोपाच्या फांद्यांच्या घेराखाली ८ ते १० सेंटिमीटर खोल तीन-चार भोके पाडा, माती भरा, दाबा, पाणी द्या. वरून बीचचाच पाला चार-पाच बोटे जाड, खोडाला न टेकवता. शरद ऋतूत पाऊस लागल्यावर किंवा वसंताच्या सुरुवातीला करा. कोरड्या उन्हाळ्यात केले तर ती माती वाळून मेहनत फुकट. आणलेली माती उन्हात ठेवू नका, पिशवीत बांधून गाडीत तापवू नका, आठवड्याच्या आत वापरा. चाळणी मारून ‘स्वच्छ’ करण्याचा मोहही टाळा, मुळे चाळणीवरच राहतात.

रोपाभोवती अर्ध्या मीटरपर्यंत गवत काढून टाका आणि खत बंद. बुरशीनाशक तर नकोच, मुळात शिरणारे औषध जोडीदारालाच मारते. जागेवर मानुका किंवा कानुकाची झुडपे असतील तर पुढची रोपे त्यांच्या आडोशाला लावा. ही दोन झुडपे दोन्ही प्रकारच्या मायकोरायझा बाळगतात, त्यांच्या मुळांवर बीचला चालणाऱ्या काही बुरश्या आधीच असतात, आणि दहिवर व वाऱ्यापासून आडोसा मिळतो तो वेगळा. उघड्या कुरणात मधोमध रांगा लावण्यापेक्षा जंगलाच्या कडेपासून झुबके-झुबके पुढे सरकवणे शहाणपणाचे. जंगलही स्वतः असेच सरकते, कडेपासून थोड्या अंतरापर्यंतच.

परवानगीचे विसरू नका. सरकारी संरक्षित जमिनीवरून माती, पाला किंवा बी घ्यायला संवर्धन विभागाची परवानगी लागते. खासगी जागेवर मालकाची. आणि उत्तरेकडे कौरी वृक्ष असलेल्या भागातून माती कधीही आणू नका. तिथे कौरीला मारणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मातीतूनच पसरतो.

प्रश्न : बियांपासून रोपे करायची आहेत. बी उगवतच नाही.

सर्वांत आधी बी भरलेले आहे का ते पाहा. बीच दर वर्षी नीट बी धरत नाही. काही वर्षांनी एखादा मोठा बहर येतो आणि मधल्या वर्षांत पडणारी बरीचशी बोंडे पोकळ असतात. शरद ऋतूत झाडाखाली चादर पसरून बी गोळा करा, २४ तास पाण्यात भिजवा आणि तरंगणारी फेकून द्या. बुडालेली ओल्या वाळूत मिसळून ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ४ ते ६ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. ही थंडी मिळाली की उगवण एकसारखी होते. मग पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या माध्यमात पेरा, वर जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर थर.

बुरशी याच टप्प्यावर द्यावी. दहा ते वीस भाग माध्यमाला एक भाग बीचखालची माती मिसळा. किंवा ट्रेच्या मध्यभागी जंगलातल्या मातीत उगवलेले एक छोटे रोप ‘दाई’ म्हणून लावा, त्याच्या मुळांवरून बुरशी शेजाऱ्यांकडे जाते. तीन-चार महिन्यांत फुगीर टोके दिसायला लागतात. अळंबीची टोपी मिक्सरमधून फिरवून पाणी घालायची युक्ती लॅकॅरियासारख्या सहज रुजणाऱ्या प्रजातींना लागू पडते. कॉर्टिनारियस या प्रजातीतल्या अळंब्यांचे बीजाणू असे सहसा रुजत नाहीत, त्यासाठी जंगल रिकामे करू नका.

प्रश्न : चंदेरी बीचच्या फांद्यांवर नारिंगी, खळग्या-खळग्यांचे गोळे आले आहेत, गोल्फच्या चेंडूसारखे. झाड आजारी आहे का? फांद्या छाटू का? आणि हे खातात असे ऐकले, खरे का?

हे सिट्टारिया. झाडावरच जगणारी परजीवी बुरशी, पण खुनी नव्हे. ती फांदीच्या आत वर्षानुवर्षे राहते, तिच्या चिथावणीने लाकडाची गाठ तयार होते आणि दर वसंतात त्या गाठीतून गोळे फुटतात. कोवळा गोळा बाहेरून गुळगुळीत असतो. वरचा पापुद्रा फाटला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे उघडे पडतात आणि त्यांतून बीजाणू उडतात. ‘सिट्टारिया’ हे नावही ग्रीक भाषेतल्या पोळ्याच्या कप्प्यावरून आलेले. काही आठवड्यांत गोळे मऊ होऊन गळतात, गाठ तिथेच राहते. म्हणून गोळे वेचल्याने रोग जात नाही आणि फांदी छाटल्याने झाडाला जखम होते; ती जखम या गोळ्यांपेक्षा जास्त धोक्याची ठरू शकते. सोडून द्या. एखादी फांदी गाठींनी इतकी जड झाली असेल की मोडून घरावर पडेल, तर ती वेगळी गोष्ट.

मघाशी ज्या विभागणीचा उल्लेख केला ती इथे उपयोगी पडते. सिट्टारियाच्या डझनभर जाती आहेत आणि त्या बीचच्या दोनच उपगटांवर वाढतात : लोफोझोनिया आणि खास दक्षिण अमेरिकेतला नोथोफॅगस गट. फुस्कोस्पोरावर नाहीत, न्यू गिनी व न्यू कॅलेडोनियातल्या जातींवरही नाहीत. न्यूझीलंडच्या जंगलात नारिंगी गोळे दिसले, तर पाने न पाहताही ते झाड चंदेरी बीच म्हणायला हरकत नाही. टास्मानियात हे गोळे मर्टल बीचवर येतात. तिथलाच पानगळी बीच मात्र फुस्कोस्पोरा गटातला, त्यावर नाहीत.

खाण्याचे म्हणाल तर, होय. डार्विनने १८३० च्या दशकात तिएरा देल फुएगोमध्ये पाहिले की तिथले लोक ही बुरशी मोठ्या प्रमाणावर आणि न शिजवताच खातात. थोडी फळे सोडली तर वनस्पतीजन्य म्हणावे असे त्यांचे हेच अन्न. चव चिकट, किंचित गोड, वास अळंबीसारखा मंद, असे त्याने नोंदवले. त्याने आणलेल्या नमुन्यांवरून बुरशीशास्त्रज्ञ बर्कली यांनी १८४२ मध्ये ही प्रजाती नोंदवली आणि एका जातीला डार्विनचे नाव दिले. चिलीत आजही रोब्ले बीचवरचे ‘दिग्वेन्ये’ वसंतात बाजारात येतात आणि कोशिंबिरीत कच्चे खाल्ले जातात. कोवळे, घट्ट, आतून स्वच्छ असलेलेच घ्यावेत. खळगे पूर्ण उघडले की आत किडे शिरलेले असतात. पॅटागोनियात दुसऱ्या एका जातीला ‘पान दे इंदिओ’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाकरी, म्हणतात. चवीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. पाण्याने भरलेला, जेमतेम गोड, रबरी घास.

प्रश्न : लागर बिअरचे यीस्ट या गोळ्यांतून आले, हे खरे का?

अर्धे खरे. लागर आंबवणारे सॅकरोमायसिस पास्टोरियानस हे संकरित यीस्ट आहे. एक पालक पाव आणि एल बिअरचे नेहमीचे यीस्ट. दुसरा कोण, ते बरीच वर्षे कळत नव्हते. २०११ मध्ये पॅटागोनियातल्या बीचच्या जंगलात, सिट्टारियाच्या गाठी आणि गोळ्यांवर, थंडी सोसणारे एक रानयीस्ट सापडले आणि त्याची गुणसूत्रे हरवलेल्या पालकाशी जुळली. नाव सॅकरोमायसिस युबायानस. गोळ्यांत साखर असते, हवा थंड असते, यीस्टला आणखी काय हवे?

पण ते पॅटागोनियातूनच युरोपात गेले, असे यावरून ठरत नाही. २०१४ मध्ये तिबेटमध्ये सापडलेला वाण लागरच्या अधिक जवळचा निघाला. पुढे उत्तर अमेरिका, न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्येही ते यीस्ट मिळाले. तेव्हा बीच हे त्याचे एक आवडते घर, इतकेच म्हणावे.

प्रश्न : न्यूझीलंडमधल्या नेल्सन लेक्सजवळच्या जंगलात बीचची खोडे जमिनीपासून वरपर्यंत काळी ठिक्कर, जळल्यासारखी. वर बारीक पांढरे केस आणि टोकाला पाण्याचा थेंब. आग लागली होती का?

आग नाही, चिकटा. आंब्यावर किंवा कापसावर तुडतुडे-मावा पडला की पाने चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी चढते, तोच प्रकार. फक्त इथे जंगलभर आणि कायमचा. सालीच्या आत एक देशी खवले कीड बसलेली असते. ती झाडाचा रस पिते आणि नको असलेली साखर एका लांब, मेणचट, केसासारख्या नळीतून बाहेर टाकते. तुम्ही पाहिलेला थेंब तोच. बोटावर घेऊन चाखा, गोड लागेल. झाडावर आणि जमिनीवर सांडलेल्या या साखरेवर काळ्या बुरशीच्या अनेक जाती स्पंजसारखा जाड थर करतात.

बुरशी झाडात शिरत नाही, नुसती वर बसते. खरवडू नका, खरवडले तर नळ्या तुटतात आणि साल सोलते. टुई, बेलबर्ड आणि काका हे पक्षी याच थेंबांवर जगतात. खरी अडचण गांधीलमाश्यांची. जर्मन गांधीलमाशी १९४५ च्या सुमारास आली, साधी १९७० च्या दशकात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस या दोघी मिळून थेंब संपवून टाकतात. केसाच्या टोकाला थेंबच नसेल तर आधी आसपास गांधीलमाश्या किती आहेत ते पाहा, आणि खोडाला हात लावण्यापूर्वीही.

चंदेरी बीचवर ही कीड क्वचितच बसते. म्हणजे त्या भागात काळे खोड फुस्कोस्पोराचे आणि नारिंगी गोळे लोफोझोनियाचे. दुरूनही झाड ओळखता येते.

प्रश्न : बीचखाली लाल, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी दिसली. परीकथांतली तीच का?

तीच, अमॅनिटा मस्कारिया. पण ती इथली नाही. पाइन, बर्च, ओक यांच्या मुळांवरून ती न्यूझीलंड आणि टास्मानियात आली आणि आता देशी बीचशीही जोडी जमवू लागली आहे, दोन्ही ठिकाणी. शोभा म्हणून वाहनतळाजवळ लावलेला बर्च हा तिचा सोयीचा थांबा असतो. देशी बुरश्यांची मुळांवरची जागा ती घेईल ही काळजी आहे. टोप्या उपटल्याने ती मरत नाही, तिचे शरीर जमिनीखाली असते. जवळचे झाड नक्की कोणते, पाइन किंवा बर्च किती मीटरवर, हे लिहून छायाचित्रासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. विषारी आहे, मुलांना दूर ठेवा.

प्रश्न : एक जांभळी अळंबी कधीच उघडली नाही, बंद छत्रीसारखीच राहिली. खराब झाली होती का?

नाही, तिची घडणच तशी. कॉर्टिनारियस पोर्फिरॉइडियस ही मुळांवरची जोडीदार बुरशी टोपी उघडत नाही, बीजाणू हवेत सोडत नाही. कोणीतरी खाऊन विष्ठेतून ते पसरवायला हवेत. इतर खंडांत असे काम सस्तन प्राणी करतात आणि तिथल्या बंद अळंब्या मातकट रंगाच्या, उग्र वासाच्या असतात. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हतेच. पक्षी होते, आणि पक्षी रंग पाहतात. म्हणून इथल्या अनेक बंद अळंब्या पडलेल्या फळांसारख्या जांभळ्या, लाल, निळ्या, असा तर्क आहे. २०१८ मध्ये मोआ या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या जुन्या, सुकलेल्या विष्ठेत बीचच्या जोडीदार बुरश्यांचे डीएनए मिळाले, त्यामुळे तर्काला वजन आले. मोआ सुमारे ६०० वर्षांपूर्वी संपले. आज त्या जागी हरणे आणि पॉसम आहेत. त्यांच्या विष्ठेतून पाइनची परकी बुरशी चांगली पसरते, देशी मात्र नाही.

प्रश्न : न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवरची निळी अळंबी बीचची जोडीदार आहे का?

नाही. एन्टोलोमा हॉकस्टेटेरी बीचच्या जंगलातही उगवते, पण पालापाचोळा कुजवून जगते. जागा एक म्हणजे नाते एक, असे नाही.

प्रश्न : टास्मानियात मर्टल बीचचे पुंजकेच्या पुंजके वाळलेले दिसतात, तपकिरी पाने झाडावरच लटकलेली. हीही मायकोरायझाची अडचण का?

नाही, हा मर रोग. त्याची बुरशी आधी चलारा ऑस्ट्रॅलिस म्हणून ओळखली जाई, आता डेव्हिडसोनिएला ऑस्ट्रॅलिस. जखमेतून शिरते, आणि शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली जुळलेली असतील तर त्या वाटेने पुढे सरकते. म्हणून एकटे झाड न मरता पुंजका मरतो. झाड आतून आजारी पडले की एक छोटा भुंगेरा खोडात टाचणीएवढी भोके पाडतो आणि बुंध्याशी पांढरट भुसा साचतो. भुंगेऱ्याला मारून उपयोग नाही, तो मागाहून आलेला असतो. पण त्याच्या भुशातून बुरशीचे तुकडे वाऱ्यावर जातात, तेव्हा वाळलेले झाड कापून हलवू नका.

न्यूझीलंडमध्येही असेच एक भुंगेरा-बुरशीचे त्रिकूट आहे : पिनहोल भुंगेरे, स्पोरोथ्रिक्स नोथोफॅगी ही बुरशी आणि वादळाने किंवा तोडणीने खचलेला बीच. पडलेल्या ताज्या लाकडात भुंगेरे वाढतात आणि मग उभ्या झाडांवर जातात.

उपाय सगळे आधीचे. वाट किंवा रस्ता काढताना खोडाला आणि वरवरच्या मुळांना यंत्र लागू देऊ नका, झाडाला खिळे आणि तारा ठोकू नका, करवत एका पुंजक्यातून दुसऱ्यात नेण्यापूर्वी भुसा झटकून स्पिरिटने पुसा. एकदा पाने तपकिरी झाली की ते झाड वाचत नाही.

प्रश्न : बीचखालच्या तपकिरी अळंब्या एकमेकींसारख्या दिसतात. नोंद करायला काय टिपावे?

त्यातल्या बऱ्याच कॉर्टिनारियस असणार. या जंगलांत त्यांच्या जाती पुष्कळ. नुसत्या वरून काढलेल्या छायाचित्राने काहीही ठरत नाही. तीन छायाचित्रे हवीत : वरून, टोपीखालचे उभे पातळ पडदे, आणि उभी चिरून आतला भाग. मुळापासून उकरून काढा, देठाचा फुगीर तळ बऱ्याचदा निर्णायक ठरतो. कोवळी मिळाली तर टोपी आणि देठ यांच्यामध्ये कोळिष्टकासारखा पडदा दिसतो का ते पाहा. रंग ताबडतोब लिहा. जांभळा रंग तासाभरात तपकिरी होतो. वास लिहा. दहा पावलांच्या आत असलेल्या प्रत्येक झाडाचे एक पान सोबत ठेवा, कारण जोडीदार कोण हे त्याशिवाय सांगता येत नाही.

रात्री टोपी काचेवर पडदे खाली करून वाटीखाली झाका. सकाळी गंजासारखा तांबूस तपकिरी ठसा आला तर कॉर्टिनारियस, पांढरा आला तर दुसरे काहीतरी. मग ४० अंशांच्या आसपास कोरडी हवा देऊन कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. ओव्हनमध्ये भाजू नका, डीएनए जातो. कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. खाण्यासाठी या गटातली कोणतीही अळंबी वापरू नका. काही जाती मूत्रपिंडे निकामी करतात आणि लक्षणे दिसायला दोन-तीन दिवस, कधी दोन आठवडेही लागतात.

प्रश्न : सहलीहून येताना बीचची माती, बी आणि वाळलेले गोळे आणू का?

आणू नका. माती आणि वनस्पतींचे भाग परवान्याशिवाय सीमेवर अडवले जातात, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तर आत येतानाही बुटांच्या तळांची तपासणी होते. तिथून निघण्यापूर्वी, आणि एका जंगलातून दुसऱ्यात जाण्यापूर्वीही, बूट ब्रशने घासून सगळी माती काढा आणि मगच जंतुनाशक फवारा. चिखलावर फवारलेले औषध चिखलाच्या आत पोचत नाही.